माहितीपटाची माणसं येतात कुठून?

दिल्लीतलं एक मोकळं मैदान. रात्रीची वेळ. कॅमेरा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर आहे आणि अगदी सावकाश एका अंगाला वळतो आहे. आधी दूरच्या गाड्यांचे दिवे दिसतात, मग अंधारात काहीतरी वळवळतं आणि हळूहळू ध्यानात येतं की समोरची सगळी जमीनच हलते आहे. जिकडे पाहावं तिकडे उंदीर. चिरक्या आवाजात एकमेकांच्या अंगावर जाणारे, कचऱ्यात तोंड घालणारे. कुणी काही बोलत नाही, पडद्यावर कसली माहिती उमटत नाही.

शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या २०२२ सालच्या माहितीपटाची ही सुरुवात. चित्रपट आहे जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांचा. मग आरंभी उंदीर कशाला? आणि ते इतक्या निवांतपणे का दाखवायचे? वन्यजीवांवरच्या नेहमीच्या चित्रपटात पहिल्याच मिनिटाला घार आकाशात झेपावली असती आणि एक भारदस्त आवाज तिच्या पंखांची लांबी सांगू लागला असता. इथे तसं झालं नाही, कारण या चित्रपटाचा दिग्दर्शक त्या वाटेनं आलेलाच नव्हता. माहितीपट कसा दिसतो, कुठे रेंगाळतो, काय गाळतो, हे त्याच्या विषयावरून जेवढं ठरतं त्याहून जास्त तो करणाऱ्यांनी आधी कोणती कामं केली होती यावरून ठरतं, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या कंपनीचा पैसा नसलेल्या, स्वतंत्रपणे केलेल्या माहितीपटाच्या बाबतीत तर ते फारच खरं. तिथे माणूस कामाला घेताना कुणी त्याला आखून दिलेलं काम देत नाही. त्याच्या हाताला आणि डोळ्याला लागलेली सवय हीच त्या चित्रपटाची पुंजी असते.

आधी ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांच्याकडे पाहू, कारण त्यांचीही गोष्ट तशीच आहे. नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे उत्तर दिल्लीतल्या वझीराबादचे. हात धुण्याच्या साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा घरचा धंदा. तळघरात एकीकडे यंत्रं आणि धातूचे भाग, दुसरीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये पंख फाटलेल्या घारी. पतंगाच्या काच लावलेल्या मांज्यानं कापलेल्या या पक्ष्यांना पक्ष्यांच्या धर्मादाय दवाखान्यात थारा मिळाला नाही, कारण घार मांस खाते. मग भावांनी स्वतःच सुरुवात केली. दोघांपैकी एकही पशुवैद्य नव्हता. तरुणपणी शरीरसौष्ठवाचा नाद होता आणि त्या मासिकांमधून स्नायू कुठे असतो, तो हाडाला कसा जोडलेला असतो, ताण कुठे येतो हे डोक्यात बसलं होतं. ते ज्ञान माणसाच्या दंडावरून घारीच्या पंखावर आलं. पुढे त्यांनी ‘वाइल्डलाइफ रेस्क्यू’ ही संस्था उभी केली आणि हजारो शिकारी पक्षी बरे करून सोडले. शिकले एक आणि कामाला आलं भलतंच, असं त्यांचं झालं. पडद्यामागच्या माणसांचंही तेच झालं आहे.

शौनक सेन यांचं शिक्षण दिल्लीत झालं. जामिया मिल्लिया इस्लामियाच्या जनसंवाद केंद्रात ते शिकले आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली, तीही चित्रपटाच्या अभ्यासात. म्हणजे हा गृहस्थ सिनेमा करणारा जितका, तितकाच सिनेमाबद्दल वाचणारा, लिहिणारा, वाद घालणारा. त्यांचा पहिला मोठा माहितीपट ‘सिटीज ऑफ स्लीप’ २०१५ साली आला. दिल्लीत बेघर माणसाला रात्री पाठ टेकायची जागाही विकत घ्यावी लागते, त्या जागांचा एक बाजार आहे आणि त्या बाजाराचे मालक आहेत, हा त्याचा विषय. यमुनेवरच्या लोखंडी पुलाखाली कनातीमागे सिनेमा दाखवला जातो आणि थोड्याशा पैशात लोक तिथे चित्रपटासमोर झोपून जातात, हे त्यात पाहायला मिळतं. झोपेसारखी गोष्ट, जिचा आपण कधी व्यवहार म्हणून विचार करत नाही, ती धरून अख्खं शहर उलगडायचं ही अभ्यासकाची पद्धत. पत्रकार असता तर त्यानं निवाऱ्यांची संख्या मोजली असती, अधिकाऱ्याला प्रश्न विचारले असते. तेही काम मोलाचंच. पण सेन यांचा ओढा शहराच्या हवेत, प्रकाशात, रात्रीत काय चाललं आहे तिकडे होता.

२०१८ मध्ये ते अभ्यागत अभ्यासक म्हणून केंब्रिज विद्यापीठात गेले. शहर आणि शहरात माणसाच्या जोडीनं राहणारे इतर जीव हा तिथल्या मंडळींच्या कुतूहलाचा विषय होता. परत आल्यावर दिल्लीच्या राखाडी, दम कोंडणाऱ्या आकाशाकडे बघताना त्यांना वर घिरट्या घालणारे काळे ठिपके दिसायचे. यातला एखादा पक्षी खाली पडला तर तो जातो कुठे, या प्रश्नाचा माग काढत ते वझीराबादच्या त्या तळघरापर्यंत पोचले. हे त्यांनी मुलाखतींमधून सांगितलेलं आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की ते दोन भल्या भावांची गोष्ट शोधत निघाले नव्हते. ते हवेबद्दल विचार करत होते आणि भाऊ सापडले. म्हणूनच चित्रपटात उंदीर आहेत, कासव आहे, गोम आहे, डबकं आहे. घार ही त्या सगळ्या गणगोतातली एक.

इथे जामियाच्या त्या केंद्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भारतीय माहितीपटाची अर्धी वंशावळ तिथून जाते आणि मराठी वाचकाला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटइतकी ती ओळखीची नसते. हे केंद्र १९८२ साली सुरू झालं. कुलगुरू अन्वर जमाल किदवई यांची ती कल्पना, आणि मदतीला होते कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाचे जेम्स बेव्हरिज. बेव्हरिज हे जॉन ग्रीअर्सन यांच्या हाताखाली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात घडलेले. ग्रीअर्सन म्हणजे इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात माहितीपटाला एक चळवळ म्हणून उभं करणारे गृहस्थ. बेव्हरिज यांचा भारताशी संबंध जुना होता. १९५०च्या दशकात ते मुंबईत बर्मा-शेल कंपनीचा चित्रपट विभाग सांभाळत होते. तेल कंपनीच्या पैशानं भारतातल्या खेड्यांवर, कारागिरांवर, रोगराईवर लघुपट काढणारा हा विभाग. तर असा माणूस दिल्लीच्या मुलामुलींना कॅमेरा हातात धरायला शिकवायला आला.

पहिल्या तुकड्यांतून बाहेर पडलेल्या सहा मुलींनी १९८६ मध्ये ‘मीडियास्टॉर्म’ नावाचा गट काढला. शोहिनी घोष, रंजनी मझुमदार, सबीना गडीहोके या त्यातल्या काही. शाहबानो प्रकरणानंतर आलेल्या कायद्यावर ‘इन सेक्युलर इंडिया’, आणि देवराला इथे १९८७ साली रूपकंवर सती गेली त्यावर ‘फ्रॉम द बर्निंग एम्बर्स’ हे त्यांचे माहितीपट. त्या काळात व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन सतीच्या गावात उभं राहणाऱ्या या मुलींच्या धाडसाची आज पुरेशी आठवण ठेवली जात नाही, याचं वाईट वाटतं. पुढे यातल्या बऱ्याच जणी शिक्षिका झाल्या. घोष आणि गडीहोके जामियात, मझुमदार नेहरू विद्यापीठाच्या कला आणि सौंदर्यशास्त्र विभागात. गडीहोके यांनी भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्यावर माहितीपट केला आणि पुस्तकही लिहिलं. करणं आणि शिकवणं, कॅमेरा आणि ग्रंथालय या दोन्हींत सारखीच ये-जा असणारी ही परंपरा. दिल्लीच्या माहितीपटात विचाराचं जे एक दाट अस्तर असतं ते तिथून येतं. सेन यांच्या चित्रपटाला ऑस्कर नामांकन मिळालं त्याच्या आदल्याच वर्षी ते ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटाला मिळालं होतं. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’च्या दलित स्त्री पत्रकारांवरचा हा चित्रपट करणारे रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष हेही याच केंद्रातले. आणि ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला लंडनच्या महोत्सवात जो माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, तो ग्रीअर्सन यांच्याच नावानं दिला जातो.

आता कॅमेरा. सेन यांनी सुरुवातीला भावांचं चित्रण रूढ पद्धतीनं केलं. कॅमेरा हातात, माणसं जातील तिकडे मागोमाग. भारतीय स्वतंत्र माहितीपटाची ही सरावाची पद्धत. खर्च कमी, माणसं कमी, आणि समोर काही अवचित घडलं तर ते हातचं जात नाही. पण जे मिळालं ते त्यांना रुचेना. तळघरात दिसत होतं ते सगळं पकडलं जात होतं. हवा मात्र कुठेच पकडली जात नव्हती.

मग त्यांनी जर्मन छायाचित्रकार बेन बर्नहार्ड यांना बोलावलं. बर्नहार्ड यांनी रशियन दिग्दर्शक व्हिक्टर कोसाकोव्हस्की यांच्याबरोबर ‘अ‍ॅक्वारेला’ (२०१८) केला होता. तो चित्रपट निव्वळ पाण्याचा. बैकल सरोवराचा फुटणारा बर्फ, वादळातला समुद्र, कोसळणारे हिमकडे. त्यात माणूस अधूनमधून येतो आणि तो फार लहान दिसतो. असं काम केलेल्या माणसाला पाण्याकडे, धुराकडे, प्राण्याकडे पात्र म्हणून बघायची सवय लागलेली असते. तो कॅमेरा तिवईवर ठेवतो, अतिशय हळू फिरवतो आणि नजर एका गोष्टीवरून दुसरीवर सरकवत नेतो. समोर डास, मागे माणूस. समोर कचरा, मागे शहराचे दिवे. असा एक तुकडा घ्यायला कधी कधी अख्खा दिवस जातो, कारण उंदराला किंवा कासवाला कुणी सूचना देऊ शकत नाही. ते दिल्लीचं मैदान आणि तो संथ वळणारा कॅमेरा अशा हातांतून आला आहे.

पण परदेशी छायाचित्रकार किती दिवस राहणार? चित्रपटाचं काम तीन वर्षांच्या आसपास चाललं, मध्ये करोना आला. छायाचित्रणाच्या श्रेयात बर्नहार्ड यांच्याबरोबर रिजू दास आणि सौम्यानंद साही ही नावं आहेत. साही हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या संस्थेचे विद्यार्थी. त्यांनी त्याआधी केलेलं एक काम इथे मुद्दाम नोंदवायला हवं. प्रतीक वत्स दिग्दर्शित ‘ईब आले ऊ’ (२०१९) या कथापटाचं छायाचित्रण त्यांचं. नवी दिल्लीच्या सरकारी इमारतींवरची माकडं हुसकावण्याच्या कंत्राटी नोकरीवर लागलेल्या एका तरुणाची ती गोष्ट. खरी माकडं, खरा राजपथ, आणि त्यात मिसळलेला नट. ज्यानं प्राण्यांच्या लहरीप्रमाणे आपला कॅमेरा लावायचा सराव याच शहरात केला आहे, त्याला घारींच्या गच्चीवर नवख्यासारखं वाटलं नसणार. गच्चीवर सालिक या मदतनीस तरुणाच्या डोळ्यांवरचा चष्मा एक घार झडप घालून पळवते, असा एक क्षण चित्रपटात आहे. असा क्षण आखून मिळत नाही. तो मिळायला गच्चीवर रोज जावं लागतं आणि कॅमेरा तयार ठेवावा लागतो.

संकलन डेन्मार्कच्या शार्लोट मुंक बेंगट्सेन यांचं. सहसंकलक वेदांत जोशी. बेंगट्सेन यांच्या आधीच्या कामांत दोन नावं आहेत आणि दोन्ही बोलकी आहेत. एक ‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’ (२०१२), ज्याच्या अनेक संकलकांपैकी त्या एक. इंडोनेशियात १९६५-६६ साली झालेल्या कत्तलींमधले मारेकरी आपलीच कृत्यं अभिनय करून दाखवतात, असा तो अंगावर येणारा चित्रपट. दुसरा ‘द ट्रफल हंटर्स’ (२०२०), इटलीतल्या पिएमोंतेच्या जंगलात कुत्रे घेऊन जमिनीखालची एक दुर्मीळ अळंबी हुडकणाऱ्या म्हाताऱ्यांचा. त्यात एकेक दृश्य जुन्या तैलचित्रासारखं स्थिर उभं असतं. हिंसा प्रत्यक्ष न दाखवता हिंसेची सावली कशी ठेवायची आणि माणूस व जनावर एका चौकटीत बरोबरीनं कसे बसवायचे, हे दोन्ही या हातांना ठाऊक होतं.

‘ऑल दॅट ब्रीद्स’ला नेमकं तेच हवं होतं. चित्रीकरण चालू असताना दिल्लीत नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध आंदोलनं झाली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये ईशान्य दिल्लीत दंगल उसळली. दोन मुसलमान भावांच्या घरात त्याची धग पोचणारच. राजकीय माहितीपट करणाऱ्यानं रस्त्यावरचं चित्रण मध्यभागी आणलं असतं. इथे ते घराच्या कडेकडेनं येतं. बाहेरून घोषणा ऐकू येतात, फोनवर काळजीचं बोलणं होतं, आणि टेबलावर घारीच्या पंखाला टाके पडत असतात. हा संयम काहींना पटला नाही. इतक्या थेट संकटाकडे इतकं तिरकं का पाहायचं, हा आक्षेप रास्त आहे. तरीही मला वाटतं की संकलनाच्या टेबलावरचा हा निर्णय चित्रपटाला तारून गेला. भाऊ आपल्या कामाबद्दल बोलतात तेव्हा आपण ऐकतो. त्यांना फक्त पीडित म्हणून दाखवलं असतं तर त्यांचं कौशल्य आपल्या नजरेतून सुटलं असतं.

संगीत कातालोनियात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या रॉजर गौला यांचं, ध्वनीची बाजू नीलाद्री शेखर रॉय आणि मोइनाक बोस यांची. माहितीपटात ध्वनीचं काम बहुतेक वेळा दुर्लक्षित राहतं. या चित्रपटात डोळे मिटूनही आपण कुठे आहोत ते कळतं, तळघरात की गच्चीवर.

आणि पैसा? श्रेयनामावलीत निर्मात्यांची नावं तीन आहेत: खुद्द सेन, त्यांचे सहकारी अमन मान आणि लंडनच्या राइज फिल्म्सचे टेडी लीफर. स्वतंत्र माहितीपटाचा निर्माता म्हणजे थैली घेऊन बसलेला शेठ नव्हे. तो अर्ज लिहितो, नकार पचवतो, महोत्सवांच्या बैठकांमध्ये सात-आठ मिनिटांत आपला चित्रपट अनोळखी माणसांना समजावून सांगतो आणि परत अर्ज लिहितो. सेन यांना आधीच्या टप्प्यावर फिल्म्स डिव्हिजन आणि दिल्लीतला ‘सराय’ हा संशोधन उपक्रम यांच्या अभ्यासवृत्त्या मिळाल्या होत्या. या चित्रपटासाठी अ‍ॅम्स्टरडॅमचा बर्था निधी, अमेरिकेतल्या सनडान्स संस्थेचं आणि कॅटापुल्ट फिल्म फंडाचं अनुदान मिळालं. थोडं इकडून, थोडं तिकडून. अशा अर्जाला शिस्तशीर लिहिणारा माणूस लागतो, आणि प्रबंध लिहिलेल्या दिग्दर्शकाला तिथे त्याचा फायदा होत असणार. जानेवारी २०२२मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक माहितीपट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार आणि त्याच वर्षी कान महोत्सवात माहितीपटासाठीचा ‘लॉय दोर’ हे दोन्ही या चित्रपटाला मिळाले. त्याआधी कुठल्याही माहितीपटानं हे दोन्ही पटकावले नव्हते.

या ‘लॉय दोर’ पुरस्काराशी आपल्या मातीतल्या एका चित्रपटाचं नातं आहे. २०१६ साली ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाला त्याच पुरस्काराच्या परीक्षकांनी विशेष उल्लेखानं गौरवलं. विषय महाराष्ट्रातल्या तंबू सिनेमाचा. जत्रा भरली की मालमोटारीतून प्रोजेक्टर यायचा, तंबू उभा राहायचा, कर्ण्यावरून पुकारा व्हायचा आणि रात्रभर खेळ चालायचे. ग्रामदैवताची पालखी, कुस्त्यांचा फड, तमाशा आणि टुरिंग टॉकीज, असा जत्रेचा एकेकाळचा ऐवज. हा चित्रपट करणारे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया हे दोघंही मराठी नाहीत आणि दोघंही जामियाच्याच केंद्रातले. पण इथे चमूची बांधणी वेगळी होती. सेन यांच्याकडे चार देशांतली माणसं, इथे बराच काळ फक्त दोघं.

त्या दोघांनी २००८ मध्ये काम सुरू केलं ते चित्रपटाचं नव्हे, संशोधनाचं. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेच्या अनुदानातून तंबू सिनेमांची नोंद करायची होती. अब्राहम मुलाखती घेत, मधेशिया छायाचित्रं काढत. मधेशिया यांचा पिंड छायाचित्रकाराचा. तंबूच्या आत, खेळ चालू असताना, त्यांनी पडद्याकडे पाठ केली आणि प्रेक्षकांचे चेहरे टिपले. उजेड होता तेवढा फक्त पडद्यावरून परतून येणारा. अंगावर घोंगडी घेतलेली माणसं, मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बाया, तोंड उघडं टाकून बघणारी मुलं. या छायाचित्रांना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत कला आणि करमणूक विभागातलं पहिलं पारितोषिक मिळालं.

चित्रपट पाहताना हा पूर्वेतिहास पावलोपावली जाणवतो. त्यात निवेदन नाही, तज्ज्ञ येऊन इतिहास सांगत नाहीत. तंबूचे दोन चालक आहेत आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर प्रकाश आहेत. ते आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करत आले आणि त्यांनी स्वतःच्या अकलेनं तेलात फिरणाऱ्या चाकांचा नवा प्रोजेक्टर बनवला. त्याच सुमारास रिळांचा जमाना संपत आला. प्रकाश आपल्या यंत्राचं झाकण उघडून आतली चाकं दाखवतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या बोटांवर थांबतो, आणि हे थांबणं वर्षानुवर्षं स्थिरचित्रं काढलेल्या माणसाचं आहे हे ओळखता येतं. दुसरीकडे, ही माणसं कॅमेऱ्यासमोर इतकी मोकळी झाली ती अब्राहम यांच्या आधीच्या संशोधनामुळे. मुलाखत घेऊन निघून जाणाऱ्याशी कुणी आपल्या कर्जाबद्दल बोलत नाही. दरवर्षी जत्रेला परत येणाऱ्याशी बोलतात. शेवटच्या टप्प्यावर मात्र या दोघांच्या चित्रपटालाही परदेशी हात लागला. संगीत अमेरिकन संगीतकार लॉरा कार्पमन यांनी दिलं. ‘द मार्व्हल्स’ या हॉलिवुडच्या महाखर्चिक सुपरहीरोपटाला पुढे संगीत देणाऱ्या याच बाई.

खरं तर आपल्याकडे चमू हाच शब्द फिका पडावा असं उदाहरण आनंद पटवर्धन यांचं आहे. मुंबईत इंग्रजी साहित्य, अमेरिकेत समाजशास्त्र, पुढे कॅनडात संवादशास्त्र, हे त्यांचं शिक्षण. मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या संघटनेत आणि मध्य प्रदेशातल्या ग्रामीण प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून काम. घरात राऊ आणि अच्युत पटवर्धन हे स्वातंत्र्यलढ्यातले काका, आई निर्मला पटवर्धन नावाजलेल्या कुंभकलावंत. चित्रपटाच्या शाळेचं नाव यात कुठेच नाही. १९७४ साली बिहारच्या आंदोलनात ते पोचले ते उसन्या आणि जुन्या सामग्रीवर. पुढे कॅमेरा आणि संकलन दोन्ही त्यांनी बहुतेक स्वतःच केलं. त्यांच्या ‘हमारा शहर’मध्ये गायलेले शाहीर विलास घोगरे यांनी १९९७च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आत्महत्या केली, आणि त्या धक्क्यातून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला १४ वर्षं लागली. एवढा काळ एकाच गोष्टीच्या मागे राहणारा चमू पगारावर ठेवता येत नाही. संघटनेचं काम केलेल्या माणसालाच ते जमावं. त्यांच्या चित्रपटात गाणी पूर्ण ऐकू येतात, भाषणं मध्येच तुटत नाहीत. सभेत मागे उभं राहून शेवटपर्यंत ऐकणाऱ्या कार्यकर्त्याचा कान त्यामागे आहे.

पुण्याकडे परत येऊ. ‘ऑल दॅट ब्रीद्स’च्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, ‘लॉय दोर’ मिळाला होता पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं हा पुरस्कार भारतात आला. कपाडिया या चित्रकार नलिनी मलानी यांच्या कन्या. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये अर्थशास्त्र शिकून त्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकायला आल्या. २०१५ साली संस्थेच्या अध्यक्षपदाच्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला, आणि त्या विद्यार्थ्यांमध्ये त्या होत्या. चित्रपट त्याच दिवसांतून वाढला. छायाचित्रण आणि संकलन रणबीर दास यांचं, तेही इन्स्टिट्यूटचेच. आपल्या वसतिगृहातल्या रात्री, नाच, घोषणा, मित्रांनी टिपलेले तुकडे, कुणाच्या घरातली जुनी चित्रफीत, हे सगळं काल्पनिक प्रेमपत्रांच्या एका धाग्यात ओवलेलं. प्रेयसीचं नाव नुसतं ‘एल’. इथे चमू म्हणजे एका मेसमध्ये जेवणारी, एका स्टुडिओत रात्र काढणारी मुलं. चित्रपटाचा दाणेदार, काळापांढरा पोत त्यांच्या शिक्षणातून आला आहे. छायाचित्रण आणि संकलन एकाच माणसाकडे असल्यामुळे त्यात टिपणं आणि जोडणं यांच्यातली सीमारेषाच पुसट झाली आहे. ध्वनीच्या श्रेयात मोइनाक बोस हे नाव इथेही आहे. दिल्लीच्या तळघराचा आणि पुण्याच्या वसतिगृहाचा आवाज घडवण्यात एकाच माणसाचा हात आहे, हे नावं वाचल्याशिवाय कळलं नसतं.

असे चमू टिकत नाहीत, टिकावेत अशी अपेक्षाही नसते. स्वतंत्र माहितीपटावर कुणाचं वर्षभर घर चालत नाही. छायाचित्रकार मालिकांकडे वळतात, संकलक जाहिराती करतात, कुणी स्वयंसेवी संस्थांसाठी लघुपट काढतं, कुणी शिकवतं. साही यांनी उपहार चित्रपटगृहातल्या आगीवरच्या ‘ट्रायल बाय फायर’ (२०२३) या मालिकेचं छायाचित्रण केलं आणि तनुश्री दास यांच्यासह दिग्दर्शित केलेला ‘बाक्शो बोंदी’ हा बंगाली कथापट २०२५ साली बर्लिन महोत्सवात गेला. कपाडिया आणि रणबीर दास यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री घेऊन आला. तो कथापट. दोन मल्याळी परिचारिका आणि मूळच्या रत्नागिरीकडच्या पार्वती, म्हणजे छाया कदम, यांची गोष्ट. पण त्याची पहिली काही मिनिटं ऐका. मुंबईतला रात्रीचा बाजार, भाजीच्या पाट्या, लोकलची गर्दी, आणि त्यावर कामासाठी या शहरात आलेल्या निरनिराळ्या माणसांचे निरनिराळ्या भाषांतले आवाज. नायिका पडद्यावर येण्याआधी ही माणसं बोलून घेतात, आणि त्यांचे चेहरे आपल्याला दाखवले जात नाहीत.